मोती खरे, पण कुणाला सांगू नका

माईंनी आपली मोत्यांची माळ ऑनलाइन विकायला काढली, त्याला कारण साहेबांचा खरेपणा.

साहेब म्हणजे माईंचे यजमान. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासून त्यांना अशी खोड लागली होती, की कुठे तीळभर खोट दिसली की चारचौघांत सांगितल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. माईंनी दीड वर्षापूर्वी शिवणकामाच्या साठवणीतून ती माळ मोबाइलवरूनच, एका अनोळखी बाईंकडून घेतली होती. वापरलेली होती, पण मोती कल्चर्ड होते. शिंपल्यातच वाढलेले, फक्त माणसाने मुद्दाम वाढवलेले. सोबत तपासणीचा दाखलाही होता. साहेबांना मात्र त्यांनी "खोटी आहे, साडेतीनशेची," असं सांगून टाकलं आणि तिथेच चुकलं. कुठल्याही समारंभात कुणी "अय्या, काय सुंदर मोती!" म्हटलं, की साहेब पुढे सरसावत. "खोटे आहेत हं. साडेतीनशेचे. उगाच गैरसमज नको."

असे मोती मिरवण्यापेक्षा विकलेले बरे, असं माईंनी ठरवलं.

गिऱ्हाईकही लगेच मिळालं. निवृत्त नर्सबाई होत्या. साहेब वाचनालयात असतात ती वेळ माईंनी त्यांना दिली. पण त्या दिवशी वाचनालय बंद निघालं आणि साहेब दहा मिनिटांत परत आले, ते थेट नर्सबाई आणि त्यांच्या यजमानांना घेऊनच. जिन्यात गाठ पडली होती.

"मोती कल्चर्डच आहेत ना?" नर्सबाईंनी बसता बसता माईंना हळूच विचारलं.

"अहो, हे घरच कल्चर्ड आहे!" साहेब म्हणाले. "मोती मात्र खोटे. आधीच सांगितलेलं बरं."

नर्सबाईंचा चेहरा मात्र पडायच्या ऐवजी खुलला. "जरा पाणी देता?" म्हणत त्या माईंच्या मागोमाग स्वयंपाकघरात शिरल्या.

"खरे आहेत ना हो?"

"अगदी खरे. हा दाखला बघा. यांना सांगितलेलं नाही, एवढंच."

"मी तरी आमच्यांना कुठे सांगितलंय! खोटी आहे म्हटलं म्हणून तर सोबत आले. ठरलेले वीस हजार मी घरी गेले की मोबाइलवरून पाठवते. बाहेर आपण खोटीच म्हणत राहू."

दोघी निर्धास्त होऊन बाहेर आल्या, तर बाहेर वेगळंच शिजत होतं. नर्सबाईंचे यजमान छापखान्यात मुद्रितशोधक होते. चूक सापडेपर्यंत त्यांना चैन पडत नसे.

"खोटे कशावरून?" ते विचारत होते.

"ही म्हणते म्हणून."

"ऐकीव माहिती झाली ती. खरा मोती दातावर घासला की खरखरतो, खोटा गुळगुळीत लागतो. घासून बघा."

"माझी कवळी आहे."

"अरेच्चा, माझीही."

दोघांनी आपापल्या बायकांकडे पाहिलं. माईंची दाढ त्याच क्षणी ठणकू लागली. "दुसऱ्याच्या गळ्यातली वस्तू मी तोंडात घालणार नाही," नर्सबाई म्हणाल्या. "नर्स आहे मी."

"खाली दातांचे डॉक्टर आहेत की!" साहेब म्हणाले आणि कुणी काही बोलायच्या आत जिना उतरलेसुद्धा.

तरुण डॉक्टर आले. त्यांनी एक मोती ओल्या कापसाने पुसला, पुढच्या दातावर घासला, डोळे मिटून पुन्हा घासला. "खरखरतोय. खरे मोती आहेत."

माईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. पण नर्सबाई जन्मभर अपघात विभागात काम केलेल्या. "डॉक्टर," त्या म्हणाल्या, "दात किती सुरेख आहेत हो तुमचे. तुमचेच का?"

डॉक्टर लाजले. "पुढचे चार नाहीत. शाळेत खेळताना तुटले. कॅप बसवल्यात."

"मग खोट्या दातांना खरं काय कळणार?" माई आणि नर्सबाई एकदमच म्हणाल्या.

"अहो, पण कॅप असली तरी..."

"जाऊ द्या डॉक्टर," साहेबांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं. "चुकतो माणूस." डॉक्टर लाल होऊन खाली गेले.

मुद्रितशोधकांनी पाकिटातून शंभराची नोट काढली. साहेबांनी ती परत त्यांच्या खिशात घातली. "वापरलेल्या खोट्या माळेचे पैसे कसले घ्यायचे? बहिणीला दिली समजा." वर नर्सबाईंच्या फोनमध्ये स्वतःचा नंबर घालून दिला. "पोचलात की कळवा."

त्यामुळे नर्सबाईंच्या फोनमध्ये माळेच्या घरचे दोन नंबर झाले, आणि तासाभराने साहेबांचाच फोन वाजला.

"अगं, नर्सबाईंनी वीस हजार पाठवलेत! बोट घसरलं असणार बिचारीचं. आत्ता परत करतो."

"थांबा!" माई ओरडल्या. मग खाली बसल्या. "मोती खरे होते." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी फोन खाली ठेवला. "म्हणजे दीड वर्ष मी सगळ्या नातेवाइकांना खोटं सांगत हिंडलो?"

"हो."

"आणि डॉक्टर खरं बोलत होते?"

"हो."

साहेब उठले आणि चपला घालू लागले.

"आता कुठे?"

"माफी मागायला. भल्या माणसाला आपण खोटं पाडलं."

"अहो, उद्या मागा!"

"अपराध आजचा आणि माफी उद्याची?" साहेब निघून गेले.

माईंनी घाईघाईने नर्सबाईंना फोन लावला. "पैसे पोचले हो. पण यांना सांगावं लागलं. तुमच्यांच्या कानावर तेवढं जाऊ देऊ नका."

"ते कुठे घरी आहेत?" नर्सबाई निवांतपणे म्हणाल्या. "कवळी सैल झालीय, दाखवून येतो म्हणाले. तुमच्या खालच्या डॉक्टरांकडेच बसलेत, मी एकटीच आले."

माई काही बोलणार, एवढ्यात खिडकीखालून, एकेकाळी भरल्या बाजाराला दचकवणारा साहेबांचा आवाज आला:

"डॉक्टर, तुमचंच बरोबर! मोती खरे निघाले! वीस हजारांचे!"

"कोण ओरडतंय हो तिकडे?" नर्सबाईंनी फोनवर विचारलं.