अवसरीच्या नवरीचे सुजलेले डोळे

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतले गुन्हेगार सुखानं झोपत नाहीत याचं कारण डास नसून आपण आहोत, असं हौशीराम स्वतःच सांगत असे. "माझी नजर म्हणजे एक्स-रे, नाक म्हणजे पोलिसाचं कुत्रं आणि मेंदू म्हणजे..." इथं त्याला उपमा सापडत नसे, आणि त्याचा मेहुणा कुंडलिक ती सुचवायचं टाळत असे.

हौशीरामचं नारायणगावात फवारणी पंपांचं दुकान होतं. पाटीवर लिहिलं होतं, 'पंप दुरुस्ती व गुप्त तपास'. त्यामुळे टोमॅटोवाल्या शेतकऱ्यांचा समज असा, की इथं पंपाची गळती गुपचूप शोधून देतात. कुंडलिक नारायणगाव-ओतूर रस्त्यावर वडापची जीप चालवी. तपास निघाला की दाजी पुढच्या सीटवर येऊन बसत आणि मागचे प्रवासी उतरवायला लावत. बहिणीकडे बघून कुंडलिक हे सोसत होता.

त्या वर्षी लग्नसराईत अवसरी बुद्रुकचे भगवंतराव पंप घेऊन दुकानात आले आणि पंप तिथंच विसरून रडकुंडीला आले.

"हौशीराम, पोरीचं लगीन तोंडावर आलंय आन् तिचं डोळं बघवंना झाल्यात. पापण्या लाल, सुजलेल्या, सारखी खाज. गावात बोलतात, पोरगी रडतीय, बापानं जबरदस्तीनं लगीन ठरवलंय. ओतूरला पावण्यांच्या कानावर गेलं तर सोयरीक मोडंल राव!"

"डॉक्टरला दाखवलं?" कुंडलिकनं विचारलं.

"गावातल्या डॉक्टरनं थेंब दिलं. फरक न्हाई."

"नसणारच," हौशीराम उठला. "डोळ्यांचा आजार डॉक्टर बघतो. डोळ्यांतला कट मी बघतो. कुंडलिक, जीप काढ."

तेजस्विनी पडवीत बसली होती. बी.कॉम. झालेली, बोलायला धीट, पण डोळे खरंच टोमॅटोसारखे झालेले. हौशीरामनं तिच्यासमोर खुर्ची ओढली.

"तो कोण?"

"कोण तो?"

"ज्याच्यासाठी रडतेस तो."

"मी रडत नाहीये, काका. मला खाजतंय."

"सगळे गुन्हेगार हेच म्हणतात," हौशीराम कुंडलिककडे वळून म्हणाला. खाजतंय असं म्हणणारा एकही गुन्हेगार कुंडलिकनं पाहिला नव्हता.

प्रेमप्रकरणाचा अंदाज फसला, कारण तेजस्विनीनं होणाऱ्या नवऱ्याचा, सुदर्शनचा, फोटो पर्समधून काढून दाखवला आणि दाखवताना लाजली. मग हौशीरामनं काजळाची डबी ताब्यात घेतली. मग साबण. मग शेजारच्या भागूच्या मिरची कांडायच्या डंकातली पूड. डंक चालू असताना वारा इकडे वाहतो, हे त्यानं ओलं बोट हवेत धरून सिद्ध केलं. भागू म्हणाली, "माझा डंक दिवाळीपासून बंद हाय." हौशीराम म्हणाला, "म्हणूनच संशय जास्त."

हा सगळा मुद्देमाल पुड्यांत बांधला. सील करायला लाख नव्हती.

"लाल काही आहे का घरात?"

तेजस्विनीनं नेलपॉलिशची बाटली आणली. साखरपुड्यापासून तिला हा नाद लागला होता. ओतूरहून आलेल्या शालूला कोणता रंग शोभेल म्हणून रोज एक लावायची, पुसायची, दुसरा लावायची, तेही खोलीचं दार लावून, आई ओरडू नये म्हणून. तिनं प्रत्येक पुडीवर ऐटदार लाल ठिपका दिला, आणि देता देता रंग लागलेल्या बोटानं पापणी चोळली.

"दाजी, वास लई उग्र हाय. डोकं गरगरतंय," कुंडलिक म्हणाला.

"गुन्ह्याचा वास असाच असतो," हौशीराम म्हणाला.

तेवढ्यात दारात जीप थांबली. ओतूरची. सुदर्शनची आई साळुबाई खाली उतरली. उंच, सावळी, पदर खोचलेला. चप्पल काढायच्या आधीच ती बोलली.

"पावणं, आमच्या कानावर आलंय त्ये खरं हाय का? पोरीच्या मनाविरुद्ध असंल तर आमाला हे लगीन नको."

तेजस्विनीची आई स्वयंपाकघराच्या दारात थिजली. कुंडलिकला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोललं पाहिजे. पण हौशीराम त्याच्या आधी उभा राहिला.

"बाई, तुम्ही आपणहून आलात हे बरं झालं. गुन्हेगार घटनास्थळी परत येतोच! शालू कुणी पाठवला? तुम्ही. शालूत पावडर कुणी टाकली? तुम्ही. लग्न मोडायचं कारण कुणाला हवं होतं? तुम्हाला!"

गोठ्यातल्या म्हशीनंही रवंथ थांबवलं. कुंडलिकनं डोळे मिटले. बहीण विधवा होणार, असं त्याला स्पष्ट दिसलं.

साळुबाईनं हौशीरामकडे एखाद्या बिघडलेल्या पंपाकडे बघावं तसं बघितलं आणि त्याला ओलांडून ती तेजस्विनीपाशी जाऊन बसली.

"खरं सांग, पोरी. रडतीस का?"

"नाही हो, आत्या. मला हे लग्न करायचंय. पण कुणी विश्वासच ठेवत नाही," असं म्हणता म्हणता तेजस्विनीला खरोखरच रडू फुटलं.

"बघा, रडली!" हौशीराम ओरडला. कुंडलिकनं त्याला सदऱ्याला धरून खाली बसवलं.

साळुबाईनं पोरीचा हात हातात घेतला, आणि तिची नजर नखांवर गेली.

"हे रोज लावतीस?"

"हो."

"मंग हेच हाय. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मीबी हौसेनं लावलं व्हतं. नखाला काय झालं न्हाई, पापण्या मातूर अशाच सुजल्या. सासूला वाटलं मी म्हायेरासाठी रडतीय. दोन वरसं मला म्हायेरी धाडलं न्हाई, परत येतानी रडून रडून मरंल म्हनून!"

तिची ती हकिगत ऐकून तेजस्विनी रडता रडता हसली. भगवंतराव खांबाला टेकून बसले आणि पाणी मागू लागले.

साळुबाईनं सगळ्यांना कुंडलिकच्याच जीपमध्ये घातलं आणि मंचरला चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी पापण्या बघितल्या, नखं बघितली आणि मान डोलावली. यातल्या रसायनांची काहींना ॲलर्जी होते, त्या म्हणाल्या. बोटांची कातडी जाड, पापणीची पातळ. आपण दिवसभर नकळत डोळ्यांना हात लावतो, त्यामुळे त्रास पापणीवर दिसतो. बंद खोलीत वासानं डोकं दुखतं ते वेगळंच. बाटलीवर फॉर्माल्डिहाइड, टोल्युईन असली नावं असतील तर लांब राहायचं, आणि बाटलीवर काहीच लिहिलेलं नसेल तर त्याहून लांब.

"हाईड म्हणजे लपणे!" हौशीराम पुटपुटला. "नावातच फरार आहे. मी पोचतच होतो. आणि टोल्युईन नक्की टोलनाक्यावरून आलं असणार."

"ते लावायचंच नाही का मग?" तेजस्विनीनं हळूच विचारलं.

"तुला एकदा त्रास झालाय, तेव्हा आत्ता नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेंदी लाव, पण साधी, पाल्याची. कोनातली काळीकुट्ट नको, तिच्यातही रसायनं असतात. पुढं कधी वाटलं तर मला विचार. ही रसायनं नसलेल्या बाटल्याही निघाल्यात. त्यातलं आधी एकाच नखाला लावून बघायचं, खिडकी उघडी ठेवून."

मलम लावलं, बाटल्या गेल्या, हळूहळू पापण्या उतरल्या. बांधावरच्या मेंदीचा पाला साळुबाईनं स्वतः ओतूरहून पाठवला. लग्नात तेजस्विनीचे हात केशरी, नखं साधी आणि डोळे इतके स्वच्छ, की अंतरपाट दूर होताच सुदर्शन भटजींकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिला.

हौशीराम मानाचा पाहुणा म्हणून आला होता. प्रकरण आपणच सोडवलं, असं तो जेवणाच्या पंगतीत सांगू लागला, पण कुणाला कळेना. त्याचा वरचा ओठ टम्म फुगला होता.

"विशफ्रयोग!" तो कुंडलिकच्या कानात म्हणाला. "माझ्या फाण्यात कुणीतरी..."

पंगतीतून फिरणारी साळुबाई थांबली. "ही मिशी त्या दिवशी पांढरी व्हती ना? काय फासलंय?"

"कलफ. नुसता काळा रंग," हौशीराम म्हणाला. "त्याचा इथं काय संफंध?"

कुंडलिकनं अर्धी जिलेबी ताटात ठेवली आणि खिशातून किल्ली काढली. मंचर येईपर्यंत हौशीरामचा संशय आचारी, भटजी आणि बँडवाला यांच्यावर फिरून झाला होता. मिशीला मात्र त्यानं निर्दोष सोडलं.