बंटीचा मोठा भाऊ

चष्म्याच्या दुकानात काउंटरवर आरसा ठेवतात तो गिऱ्हाइकासाठी. पण गिऱ्हाईक फ्रेमा निवडत असताना बंटी त्यात स्वतःचा भांग बघायचा. एकदा एका आजोबांना दाखवायची फ्रेम त्याने स्वतःच्याच डोळ्यांवर चढवली आणि त्यांना विचारलं, मला कशी दिसते?

"तू एकुलता एक असणार," शेजारच्या काउंटरवरच्या ताई म्हणाल्या. "अशा पोरांना स्वतःपलीकडचं दिसतच नाही."

मालक ऐकत होते आणि बंटीची नोकरी अजून पक्की व्हायची होती. त्याच्या तोंडून निघून गेलं, "छे, मला मोठा भाऊ आहे."

एवढ्यावर थांबला असता तर निभावलं असतं. पण दादा काय करतो, असं ताईंनी विचारलं आणि बंटीला आपल्यापेक्षा वरचढ भाऊ कल्पनेतसुद्धा सोसेना. दादाचं कशात मन लागत नाही, तो घरीच बसून असतो, त्याचं सगळं आपणच बघतो, असं त्याने ठोकून दिलं. ताईंचे डोळे पाणावले. मालकांनी पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी बंटी तरंगतच घरी गेला.

मग रोज दादाची चौकशी सुरू झाली. दादा जेवला का, दादाला जरा बाहेर फिरवतोस का. बंटी नवा शर्ट घालून आला, तर ताईंनी दादालाही घेतलास ना, असं विचारलं. त्या महिन्यात सगळ्यांत जास्त चष्मे बंटीने विकले, तेव्हा मालक म्हणाले, हे ऐकून तुझ्या दादाला किती बरं वाटेल.  जो माणूस जन्मालाच आला नाही, तो बंटीच्या वाट्याचं कौतुक खात होता.

शेवटी त्याने दादाला कटवायचं ठरवलं. दादाला लांबच्या गावी नोकरी लागली, तो गेला, असं सांगून टाकलं. मालकांनी सगळ्यांना चहा पाजला. पडलेला माणूस कसा पुन्हा पायावर उभा राहतो, हे ताई गिऱ्हाइकांनाही सांगत सुटल्या.

आणि त्याच आठवड्यात आई डोळ्यांचा नंबर तपासायला दुकानात आली. बंटी धावत पुढे झाला, पण तोवर ही बंटीची आई, हे कळून ताईंनी तिचे हात हातात घेतले होते.

"मोठा बरा आहे ना हो तिकडे?"

आईने ताईंकडे पाहिलं, मग बंटीच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे. त्याच्या थापा निस्तरण्यात शाळेपासून तिचा हात बसलेला होता.

"बरा आहे," ती म्हणाली. "रोज फोन करतो. आई, तू जेवलीस का, हे आधी विचारतो."

घरी आल्यावर बंटीनेच न राहवून सगळं सांगितलं. दुकानात सगळ्यांना दादाचंच कसं कौतुक आहे, हे सांगताना तर तो रडकुंडीला आला. आईने ऐकून घेतलं आणि जेवायला वाढलं.

जेवण झाल्यावर बंटी मोबाइल घेऊन पलंगावर आडवा झाला. खरकटं ताट जागेवरच होतं.

"दादाने उचललं असतं," आई सहज म्हणाली.

 बंटी ताडकन उठला. स्वतःचं ताट घासलं, आईचंही घासलं, ओटा लख्ख पुसला आणि ओले हात घेऊन बाहेर आला.

"ओटा पुसला असता का त्याने?"