थोरलं

धोंडूकाका लिफ्टमध्ये शिरले की दार लगेच लावू देत नाहीत. उघडायच्या बटणावर बोट दाबून धरतात, रिकाम्या पॅसेजकडे बघतात, स्वतः थोडे डावीकडे सरकतात आणि हळूच म्हणतात, "थांबा, येतंय." मग क्षणभराने, "आलं. यल्ला, चला!" आणि बोट काढतात. आपण आत असलो तर आपणही नकळत अंग चोरतो. कुणासाठी चोरलं, हे विचारायची हिंमत आठव्या मजल्यापर्यंत होत नाही.

दुबईत देराच्या या बिल्डिंगमध्ये आम्ही नवीन होतो तेव्हा मला वाटलं, काकांनी मांजर पाळलंय. 'येतंय', 'आलं', 'बसलंय' असं माणूस आणखी कशाबद्दल बोलणार? एकदा न राहवून मी वाकून त्यांच्या पायांशी पाहिलं. मांजर नव्हतं. त्याच वेळी लिफ्टने वजन जास्त झाल्याची शिट्टी मारली, आणि आत आम्ही दोघंच होतो. काका म्हणाले, "जुनी लिफ्ट आहे, वहिनी." मी दुसऱ्या दिवसापासून जिने चढायचा व्यायाम सुरू केला आणि नवऱ्याला सांगितलं, गुडघ्यांना चांगला असतो.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे 'कितवा?' माणूस भेटला की नाव-गाव नंतर, आधी "तू कितवा?" म्हणजे आईबापांचा कितवा. उत्तर मिळालं की ते तुमचं नाव बदलूनच टाकतात. पहिलं असेल तर वायान, दुसरं मादे, तिसरं न्योमान, चौथं केतुत, आणि पाचव्याला परत वायान. ही बाली बेटावरची रीत. तिथे मुलगा असो की मुलगी, जन्माचा नंबर हेच नाव. काका बंदरावरचा माल सोडवणाऱ्या क्लिअरिंगच्या ऑफिसात आहेत. एकदा कंपनीने त्यांना फर्निचरच्या कंटेनरपायी बालीला धाडलं, आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात तिथल्या देनपसार शहरात महिनाभर जो कलांचा मोठा उत्सव चालतो, तिथे काका रजा घेऊन हजर. आपली माणसं रजा मिळाली की रत्नागिरी गाठतात, हे बाली गाठायचे.

'कितवा'ला हिंदीत शब्द नाही याचा त्यांना फार राग. एकदा आम्ही टॅक्सीत बसलो आणि हे सुरू, "भाई, तुम घर में कौन से नंबर पे?"

"तीन सौ दो, शारजा," ड्रायव्हर सांगतो.

"अरे फ्लॅट नहीं, भाई-बहन में!"

"सातवाँ हूँ जी."

"मतलब न्योमान! खलास!"

तो बिचारा बर दुबई येईपर्यंत आरशातून आमच्याकडे बघत होता. माझी लेक रेवा म्हणाली, "काका, देअर इज नो वर्ड फॉर दॅट इन इंग्लिश आयदर." काका म्हणाले, "म्हणून तर त्यांच्यात थोरल्या-धाकट्याचा पत्ता नसतो."

एवढ्यावर भागलं असतं तर त्यांना नुसतं विक्षिप्त म्हणून मी मोकळी झाले असते. पण एका दुपारी मीना बझारमधून कापड घेऊन आम्ही अब्राने क्रीक, म्हणजे इथली खाडी, ओलांडत होतो. अब्रा म्हणजे इथली लाकडी होडी, सगळे दाटीवाटीने फळीवर बसतात. काकांच्या उजव्या हाताला मात्र एका माणसाची जागा मोकळी. एक धिप्पाड पठाण येऊन तिथे टेकला आणि टेकल्या टेकल्या उठला. "सॉरी" म्हणाला आणि पलीकडे जाऊन बसला. काकांकडे त्याने पाहिलंही नव्हतं, मग सॉरी कुणाला म्हणाला कोण जाणे. मी भीत भीत त्या फळीवर हात ठेवला. फळी गार होती. देरात जुलै महिन्यात लाकूड गार लागणं, याहून मोठी भुताटकी मला माहीत नाही.

त्या दिवशी मी धीर केला. करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, पिता पिता विचारलंच, "काका, हे तुमचं 'ते' म्हणजे आहे तरी काय?"

काकांनी कप खाली ठेवला. "वहिनी, माझं नाव काय?"

"धोंडू."

"पहिल्या पोराचं नाव कुणी धोंडू ठेवतं का?"

माझ्या अंगावर काटा आला. आपल्याकडे एखादं मूल गेलं की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू ठेवतात, म्हणजे मरणाला वाटावं, इथे नेण्यासारखं काही नाही. हे मला ठाऊक होतं. काकांना रोज हाक मारताना डोक्यात मात्र कधी आलं नव्हतं.

"म्हणजे माझ्याआधी कुणीतरी होतं," काका म्हणाले. "मुलगा की मुलगी, काही माहीत नाही. म्हणून थोरलं म्हणतो. घरात विषय काढायची चोरी. बाबा गेले ते न सांगता. आईला विचारलं की म्हणते, तू पहिला, आणि उठून जाते. बालीत त्या उत्सवात भाताचा ठेला लावणाऱ्या बाईने माझ्या नावाचा अर्थ विचारला. मी सांगितला. ती लगेच म्हणाली, मग तू मादे, तुझं वायान कुठंय? वहिनी, साठी आली माझी. पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, थोरलं कुठंय. मला माझ्या आईच्या तोंडून एकदा ऐकायचंय की मी दुसरा. ती आहे तोवर."

काकांची आई, आम्ही त्यांना आजी म्हणतो, रत्नागिरीचं घर बंद करून त्यांच्याकडे राहायला आल्या होत्या. चौऱ्याऐंशीच्या, काटक, बोलणं मोजकं. मी पुन्हा लिफ्टने जाऊ लागले, ते मुद्दाम त्यांना बघायला. काका बटण दाबून "येतंय" म्हणाले की आजी चिडून मान फिरवायच्या. पण मान फिरवता फिरवता त्यांचा हात पदराकडे जायचा, आणि उजवीकडे पसरलेला पदर त्या अलगद ओढून घ्यायच्या. शेजारी उभं असलेल्या कुणाच्या पायाखाली यायला नको म्हणून घेतात तसा. ते पाहिल्यापासून मला थोरल्याची भीती वाटेना, आजींची वाटू लागली.

यंदा शाळेला सुट्टी लागली तशी काकांनी आम्हालाही बालीला नेलं. आजींना सांगितलं, देवाचा खेळ आहे, आपल्या शिमग्यासारखा. जत्रेसारखी गर्दी, हातभर फळांच्या राशी डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बायका, पितळी वाद्यांचा असा गजर की छातीत वाजावा. संध्याकाळी उघड्या रंगमंचावर खेळ सुरू झाला. दगडी दरवाजातून एक चेटकीण आली. सुळे बाहेर, जीभ पोटापर्यंत, नखं हातभर लांब. ती गोष्टीत लोकांची तान्ही मुलं नेते. वाद्यं एकदम थांबली आणि ती आमच्याच दिशेने हसली. रेवा माझ्या दंडाला चिकटली, "मम्मा, धिस इज सो क्रीपी!" मी तरी कुठे धीट होते?

आजींनी मात्र हात जोडले. "सटवी आहे ही," त्या पुटपुटल्या.

तेवढ्यात ठेल्यावरची बाई, केतुत, केळीच्या पानातला भात घेऊन आमच्या चटईवर आली. काकांना बघून खूश झाली. आजींचे दोन्ही हात हातात घेऊन तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं, "ममा! मादे हिअर. व्हेअर वायान?"

काकांचा घास हातातच राहिला. आजींनी मला विचारलं, "काय म्हंते गो ती?"

प्रकृती विचारतेय, असं सांगून मी सुटले असते. काका माझ्याकडे बघत होते, आणि इतकी घाबरलेली नजर मी त्या माणसाची कधी पाहिली नव्हती. मी म्हटलं, "विचारतेय, थोरलं कुठंय?"

चेटकीण पुन्हा दरवाजाआड जाईपर्यंत आजी रंगमंचाकडे बघत राहिल्या.

"थोरलं नव्हे," त्या म्हणाल्या. "थोरली. सटवी पुजली त्याच रात्री गेली. बारसं व्हायला राहिली कुठे? नावाशिवायच पुरली."

मी केतुतबाईला जमेल तसं सांगितलं. तिने मान हलवली. तिच्या हिशेबी नाव नसायचा प्रश्नच नव्हता. "वायान," ती म्हणाली, आणि पानातल्या भाताचा एक मुटका चटईच्या मोकळ्या कोपऱ्यावर ठेवला.

"वायान," आजींनी जपून म्हणून पाहिलं. मग काकांच्या शर्टाची बाही धरून त्यांना पुढे ओढलं आणि केतुतबाईला मराठीतच सांगितलं, "आणि हा माझा दुसरा."

अख्ख्या दुबईला नंबर वाटत फिरणाऱ्या माणसाला आज स्वतःचा नंबर मिळाला. माझे डोळे भरून आले. चष्मा काढून, पुसून, परत घालून काकांनी लहान मुलाच्या आवाजात विचारलं, "आई, कशी होती गं दिसायला?"

आजींनी त्यांच्या ओल्या गालावरून हात फिरवला.

"तुझ्यासारखीच," त्या म्हणाल्या. "फक्त रडत नव्हती."