खंडेनवमीचं इंटरनेट

मोहाडीच्या नंदलालजींच्या घरात कॉम्प्युटर दोन होते आणि इंटरनेट एक. फोनची तार खालच्या बैठकीत येत होती, म्हणून इंटरनेटही बैठकीतच उतरलं. तिथल्या कॉम्प्युटरवर नंदलालजी कोसा साड्यांच्या ऑर्डरी बघत. वरच्या खोलीतला कॉम्प्युटर त्यांच्या धाकट्याचा, म्हणजे भूषणचा. बसस्टँडजवळच्या जागेश्वरने खालच्या कॉम्प्युटरच्या पाठीतून एक निळी वायर काढली, ती खिडकीतून बाहेर घेऊन पाइपाला बांधत वर नेली आणि आता दोन्हीकडे चालेल, चिंता नको, असं सांगून तो निघून गेला. ते कसं चालतं, हे त्याने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

आज भूषणला मुलगी बघायची होती, तीही पडद्यावर. मुलीचे वडील केशवराव मूळचे आंधळगावचे, पण सुरतेला पॉवरलूमवर गेले ते तिकडचेच झाले. मुलगी रीता तिथे शाळेत शिकवत होती. भूषण पंचायत समितीत कारकून. तिशी उलटली होती, आणि आजवर जी जी मंडळी त्याला पाहून गेली त्यांनी 'कळवतो' म्हणून पोहे संपवले होते. त्यात केशवराव येत्या रविवारी अमरावतीला एका इंजिनियर मुलाच्या घरी जाणार होते. तिथे सुपारी फुटायच्या आत एकदा भूषणला बघून घ्या, अशी गळ त्याची मोठी बहीण मंजुषा हिने घातली. मंजुषा गोंदियाला दिलेली. गोंदिया या जिल्ह्यातून फुटून वेगळा जिल्हा झाल्यापासून ती माहेरी आली की परराज्यातून आल्यासारखी सगळ्यांना सल्ले देत असे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळे घरी सापडतात, म्हणून तिने आणि रीताच्या आईने फोनवर तो दिवस पक्का केला. त्या दिवशी खंडेनवमी असते, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

खंडेनवमीला या विणकरांच्या घरात माग पुजत, आणि एकदा पुजला की दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत त्याला कोणी हात लावत नसे. माग कधीच विकला गेला होता. रीत मात्र नंदलालजींनी विकली नव्हती. ज्याच्यावर घर चालतं ते हत्यार, असा त्यांचा साधा हिशेब होता. त्यांनी सकाळीच खालच्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, कीबोर्डवर जुना शेला पसरला आणि त्यावर नारळ ठेवला. भूषणने भीतभीत वरच्या कॉम्प्युटरचं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "त्याच्यावर कोनाचं पोट भरते? राहू दे त्याले." हा अपमान भूषणने आनंदाने गिळला. त्याचा कॉम्प्युटर मोकळा राहिला होता.

दुपारी चारला सुरतेची मंडळी पडद्यावर येणार होती. भूषण त्याच्या बराच आधी इस्त्रीचा शर्ट घालून बसला आणि त्याने इंटरनेट लावलं. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण आला. त्याने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. त्रिकोण होता तिथेच होता. त्याने वायर काढून फुंकली आणि पुन्हा खोचली. मंजुषाने वायर पाइपाजवळ चेपली असेल म्हणून खिडकीतून वाकून ती हलवून पाहिली. आई विमलाबाईंनी मुलावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि जाता जाता कॉम्प्युटरवरूनही ओवाळल्या. त्रिकोणाला कशाचंच काही वाटलं नाही.

शेवटी भूषणने जागेश्वरला फोन लावला. तो दसऱ्यासाठी दिघोरीला सासरी गेला होता आणि जेवून लवंडला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खालचा कॉम्प्युटर चालू आहे का, एवढंच विचारलं. बंद आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "मंग वरच्यात कुठून येईन गा? खालचा घेते आन् वरच्याले देते. खालचा झोपला का वरचा उपाशी."

ही गोष्ट घरात पहिल्यांदाच कळत होती. तिघं खाली आले. नंदलालजी पूजेसमोर पेपर वाचत बसले होते. चालू करायचं नाव काढताच त्यांनी पेपर खाली न करता नाही म्हटलं. मंजुषाने तोड काढली, की फोनच्या तारेतून इंटरनेट घेणारा, खालच्या कॉम्प्युटरशेजारचा डबा तेवढा सोडवून वर नेऊ. पण डब्यावरही कुंकवाचं बोट होतं. नंदलालजींनी विचारलं, "धोटा काढून नेला तं मागाची पूजा राहिली का?" माग ज्यांनी चालवला होता त्यांच्याशी सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यावरून वाद घालण्यात अर्थ नव्हता. गावातल्या एकमेव नेट कॅफेतही भूषण सायकलवर जाऊन आला. तिथे प्रत्येक कॉम्प्युटरसमोर उदबत्ती लावलेली होती आणि मालक बाहेर ओट्यावर पत्ते खेळत होता.

मग भूषणला आठवलं, की बाबांना बटण सापडत नाही म्हणून जागेश्वरने खालच्या कॉम्प्युटरला एक सवय लावून दिली होती. लाइन जाऊन आली की तो आपला आपण सुरू होई. म्हणजे हात लावायची गरजच नव्हती. फक्त लाइन जायला हवी होती. भारनियमनाची ती वर्षं. रोज दुपारी लाइन जायची आणि सगळं घर विजेच्या ऑफिसला शिव्या घालायचं. आज मात्र सणाची म्हणून ती जाईना. घरातली चार माणसं पंख्याकडे बघत बसली, आणि पंखा कधी नव्हे इतका जोरात फिरत होता.

"बाबा," मंजुषा म्हणाली, "मेन स्विच हत्यार आहे का?"

नंदलालजींनी बराच विचार केला आणि ते सरकारचं आहे, असा निकाल दिला.

भूषणने मेन स्विच पाडला आणि पुन्हा चढवला. खालच्या कॉम्प्युटरमध्ये घरघर झाली, झेंडूची माळ थरथरली आणि विमलाबाईंनी हात जोडले. काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या आणि तिथेच थांबल्या. भूषणने वाचून सांगितलं, की कीबोर्डच्या कळा दाबलेल्या राहिल्यात, त्या सोडवा आणि पुढे जायला एफ-वन दाबा. कळा नारळाने दाबल्या होत्या. नारळ उचलायचा म्हणजे पूजा मोडायची.

भूषणने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा नारळाकडे, आणि राहू द्या म्हणून तो जिना चढून गेला. वर जाऊन इस्त्रीचा शर्ट उतरवायचा, एवढंच आता राहिलं होतं. नंदलालजी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. पोरगा आजवर कशावरही हटून बसला नव्हता, हेच त्यांना सलत होतं.

"तुमी दोघी जा वर," ते म्हणाले. "त्याच्यापाशी बसा."

दोघी गेल्या. मेन स्विचबरोबर वरचाही कॉम्प्युटर बंद पडला होता, तो मंजुषाने उगीच चालू केला. नंदलालजींनी बैठकीचं दार लोटलं. भिंतीवरच्या देवीच्या तसबिरीकडे पाहून कानाला हात लावला, नारळ उचलून बाजूला ठेवला, शेल्याखालून कीबोर्ड ओढला आणि चष्मा वर-खाली करत ती कळ शोधून काढली. दाबली. मग नारळ होता तसाच नेऊन ठेवला आणि हात धोतराला पुसत तेही जिना चढले.

"त्रिकोण गेला! खालचा चालू झाला ना बाबा!" भूषण म्हणाला. "कसा काय?"

"आपल्या मनानं झाला," नंदलालजी म्हणाले. विमलाबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि त्या उगीच पदर सारखा करू लागल्या.

पडदा उजळत होता, तेवढ्यात नंदलालजींचा मोबाइल वाजला. केशवराव होते. ते देवीच्या देवळातून बोलत होते आणि फार ओशाळले होते. आजचं बघणं खंडेनवमीवर आलंय, हे सकाळी पूजा मांडताना त्यांच्या ध्यानात आलं होतं, पण कळवायला जीभ आत्ता कुठे रेटली होती. गाव सुटलं तरी घरची रीत त्यांनी सोडली नव्हती. त्यांचा कॉम्प्युटरही पूजेत बसला होता आणि त्याला हात लावायचा नाही, असं घरात बजावूनच ते बाहेर पडले होते. आजचं बघणं काही होणार नाही, राग मानू नका, असं ते पुन्हापुन्हा सांगत होते.

नंदलालजी ऐकत होते आणि समोर बघत होते. समोर पडद्यावर रीता बसली होती. तिच्या कॉम्प्युटरच्या कडेने लोंबणारी झेंडूची माळ मधूनच कॅमेऱ्यासमोर येत होती आणि रीता एका हाताने ती बाजूला सारत होती. मागे तिची आई दाराकडे लक्ष ठेवून उभी होती. भूषण रीताकडे बघून हसला. रीताही हसली, आणि नंदलालजींना वाटलं, की या हसण्यात 'कळवतो' नाही.

"तुमच्याइकडं कसं असते?" केशवरावांनी विचारलं.

"आमच्याइकडंही तसंच," नंदलालजी म्हणाले. "मशीनले कोनी बोट लावत नाही आज."

अशी रीत धरून राहिलेली घरं आता दिसत नाहीत, असं केशवराव म्हणाले. अमरावतीच्या मुलाने पूजा म्हणजे काय, असं विचारलं होतं म्हणे. आता तिकडे नाही म्हणून आजच सांगून टाकतो आणि दिवाळीनंतर बोलणी करायला मोहाडीला येतो, असा शब्द त्यांनी तिथल्या तिथे दिला आणि व्याह्याला म्हणतात तसं नंदलालजींना 'इवाई' म्हणूनही टाकलं.

नेमकी त्याच वेळी रीताची आई कॅमेऱ्याजवळ वाकली आणि भूषणच्या कॉम्प्युटरमधून खणखणीत आवाज आला, "आवाज येऊन राहिला का जी तिकडं?"

मंजुषाने झडप घालून आवाज बंद केला. पण आवाज फोनवरून केशवरावांपर्यंत पोचला होता.

"कोन बोललं हे?" त्यांनी विचारलं. "आवाज वळखीचा वाटून राहिला."

नंदलालजींनी पडद्याकडे पाहिलं. विहीणबाईंनी तोंडावर पदर घेतला होता आणि दोन्ही हात जोडले होते.

"घरचंच मानूस आहे, इवाई," नंदलालजी म्हणाले.