पाचव्या पौर्णिमेची मोजणी

एका जंगलात, बाळांनो, मरायला बंदी होती.

तसा फलक कुठे लावलेला नव्हता. गणिताची सोय म्हणून ठरलं होतं, इतकंच.

त्याचं असं झालं. त्या जंगलाच्या राजाला, म्हणजे सिंहाला, एकदा वाटलं की शेजारच्या जंगलात विद्वान आहे आणि आपल्याकडे नाही, हे बरं दिसत नाही. मग त्याने साळिंदराला शास्त्री नेमलं. साळिंदराच्या अंगावरच लेखण्या होत्या. त्यापलीकडे कोणी काही विचारलं नाही.

शास्त्रीबुवांनी सशांची एक जोडी आणून कुरणात सोडली. कुरणाभोवती काटेरी कुंपण घातलं. इतकं उंच आणि इतकं दाट की पलीकडचं पानसुद्धा दिसू नये. एक फाटक ठेवलं आणि फाटकावर एक तरस बसवला.

"नियम अगदी सोपा आहे, महाराज," शास्त्रीबुवा म्हणाले. "नवी जोडी महिनाभर नुसती वाढते. त्यानंतर दर महिन्याला एक नवी जोडी देते. पहिल्या महिन्यात एक. दुसऱ्यात एकच. तिसऱ्यात दोन, चौथ्यात तीन, पाचव्यात पाच, सहाव्यात आठ. मागचे दोन आकडे मिळवले की पुढचा मिळतो."

"का बरं?"

"गेल्या महिन्यातले सगळे या महिन्यात असतातच. आणि त्याआधीच्या महिन्यात जेवढ्या जोड्या होत्या त्या आता मोठ्या झालेल्या, म्हणून तेवढीच नवी भर पडते. म्हणून दोन्हींची बेरीज."

"सगळे असतातच कसे? एखादा मरतो की," सिंह म्हणाला. या विषयातला त्याचा अनुभव दांडगा होता.

"मेला तर बेरीज चुकते, महाराज."

"मग नको," सिंह म्हणाला.

झालं. कुरणातली पोरं उठता-बसता म्हणू लागली, एक, एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा. दर पौर्णिमेला मोजणी व्हायची आणि आकडा बरोबर यायचा. लांबून लांबून पाहुणे ते बघायला येत. काहींचे डोळे पाणावत. आकडा बरोबर आला की मोठ्यांना काय होतं ते तुम्हाला मोठेपणी कळेल.

पाचव्या महिन्यात दोन नव्या जोड्या झाल्या. त्यातली एक कापशी आणि कुसळ्या. कापशी दोन श्वास आधी जन्मली, म्हणून ती ताई. कुसळ्या नंतरचा आणि तापट. शाळेत तो तीन दिवस गेला. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "गुरुजी, म्हातारे ससे शेवटी कुठे जातात?" चौथ्या दिवशी तो घरी होता.

"तुला गप्प बसता येत नाही का रे?" कापशीने विचारलं.

"येतं की. पण मग पोटात दुखतं."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. तो ठसका थांबेना. संध्याकाळी तिच्या अंगात ताप भरला.

औषध होतं, बाळांनो. औषध नेहमी असतं. कुंपणापलीकडे शेळीआजी राहायची, तिच्या दारात अडुळसा होता.

"शेळीआजी किती लांब आहे?" कापशीने विचारलं.

"खूप लांब असेल," कुसळ्या म्हणाला. "नाहीतर आत्तापर्यंत कोणी आणलं नसतं का?"

तो फाटकावर गेला. "तरसकाका, मला जाऊ द्या. ताईला ताप आहे. पाला घेऊन लगेच येतो."

"आजारी पडायला हरकत नाही," तरस म्हणाला. तो तसा मायाळू होता. "बाहेर जायला हरकत आहे. पौर्णिमा होऊ दे. मोजणी झाली की बघू."

"पौर्णिमेला चार दिवस आहेत!"

"मग काय! चार दिवस असे जातील."

कुसळ्याने कुंपणात डोकं खुपसलं. कान फाटला, नाक फाटलं, पण कुंपण फाटलं नाही. शास्त्रीबुवांनी ते फार विचारपूर्वक घातलं होतं.

तिसऱ्या दिवशी कापशी गेली.

पूर्वी, कुंपणाच्या आधी, सशांत एक रीत होती. कोणी गेलं की प्रत्येकाने त्याच्या बिळाच्या तोंडाशी गवताची एक काडी ठेवायची. बोलायचं काही नाही. काडी ठेवायची आणि जायचं. बिळात जो उरलाय त्याने त्या काड्या बघायच्या.

"आई, काड्या?" कुसळ्याने विचारलं.

"हळू बोल," आई म्हणाली. "उद्या मोजणी आहे."

दुसऱ्या दिवशी सगळे ससे जोडीजोडीने उभे राहिले. शेवटी कुसळ्या एकटा.

"जोडीदार?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"ताई मेली."

"असं नसतं, बाळ. नियमात बसत नाही."

"ती बसली नाही. ती मेली."

शास्त्रीबुवांनी इकडेतिकडे पाहिलं. सिंहाची पालखी वळणावर आली होती. त्यांनी घाईघाईने एक पांढरा धोंडा आणला आणि कुसळ्याच्या शेजारी ठेवला. "हलू नकोस. लांबून कळत नाही."

कुसळ्याने धोंड्याकडे पाहिलं. मग मागच्या दोन्ही पायांनी अशी लाथ घातली की धोंडा गडगडत गेला आणि पालखीला लागला.

"चार!" पालखीतून सिंह ओरडला. "शास्त्री, मला चारच दिसतायत. आणि एक सुटा."

शास्त्रीबुवांना घाम फुटला. अंगावरचे काटे उभे राहिले. त्यांनी एक काटा उपटला आणि मातीत आकडे मांडायला सुरुवात केली. तीन. चार. मिळवले, सात. चार आणि सात, अकरा. सात आणि अकरा, अठरा. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला.

"महाराज! अभिनंदन! नवा क्रम सापडला!"

"म्हणजे चूक नाही?"

"चूक कसली! नियम तोच. मागचे दोन मिळवा, पुढचा मिळतो. फक्त सुरुवात वेगळी, म्हणून सगळेच आकडे वेगळे. तीन, चार, सात, अकरा, अठरा! बघा किती डौलदार वाढतोय!"

सिंहाने मान डोलावली. पाहुण्यांचे डोळे पाणावले. तिथल्या तिथे त्याचं नाव साळिंदर-क्रम ठेवलं गेलं. ससे आनंदाने पुढे आले आणि प्रत्येकाने शास्त्रीबुवांच्या पायाशी गवताची एक एक काडी ठेवली. दुसरं काही हाताशी नव्हतं.

कुसळ्या पुढे गेला. "त्यातल्या थोड्या माझ्या ताईच्या बिळाशी ठेवता का?"

"कशाकरता?"

"ती मेली म्हणून."

"नव्या क्रमात ती नाहीच, बाळ," शास्त्रीबुवा समजावून सांगू लागले. "चारात तुमची जोडी येत नाही. जी नव्हतीच ती मरेल कशी?"

"आणि मी?"

"तू अर्धा. अर्धी जोडी आम्ही धरत नाही."

कुसळ्या मागे फिरला. चालत चालत फाटकाशी आला. तरस जांभई देत होता. त्याने फाटक उघडलं.

"जा की," तरस म्हणाला. "तुला कोण अडवतंय? तू मोजणीत नाहीस."

कुसळ्या बाहेर पडला. त्याला आकडे फारसे येत नव्हते, पण तो उड्या मोजत गेला. मध्ये दोनदा चुकला आणि परत फाटकापासून सुरुवात केली. चुकायचं नव्हतं त्याला.

फाटकापासून शेळीआजीच्या दारापर्यंत एक्केचाळीस उड्या झाल्या.

हा आकडा दोन्हींपैकी कुठल्याच क्रमात येत नाही.

अडुळशाचा पाला घेऊन तो परत आला, एक्केचाळीस उड्या. कापशीच्या बिळाच्या तोंडाशी पाला ठेवला आणि शेजारी बसला. पुढच्या पौर्णिमेला बरोबर सात जोड्या भरल्या. मोठा जल्लोष झाला. तो तिथेच बसला होता. त्याच्या अंगावरून मिरवणूक गेली.

आता पाठ करा बघू. तीन, चार, सात, अकरा, अठरा. चार कुठून आला ते परीक्षेत विचारत नाहीत.

तात्पर्य: मुलांनो, आजारी पडण्याआधी आपण कोणाच्या मोजणीत नाही ना, याची खात्री करून घ्यावी. जे मोजणीत नसतात त्यांच्यासाठी फाटक उघडं असतं.