सोनेरी खुरपं

संचालकसाहेबांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि सोन्याचा मुलामा दिलेलं खुरपं त्यांनी स्वतःच्या बंगल्यातल्या गुलाबाच्या वाफ्यात खुपसलं. मातीतल्या रोगजंतूच्या शोधमोहिमेचं उद्घाटन खरं तर शेतात व्हायचं होतं. पण शेत म्हणजे चिखल, आणि साहेबांचं मातीवरचं प्रेम कुंपणाबाहेर जात नसे. रोज सकाळी ते याच वाफ्यात अनवाणी उभे राहून गुलाबांना पाणी घालत आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "मातीशी नातं हवं!"

बाकीचं नातं जंतूबाईनं जोडायचं होतं. संस्थेत सगळे तिला याच नावानं हाक मारत. हा जंतू मातीत निवांत झोपून असतो. पायाच्या एखाद्या जखमेतून आत शिरला, की धडधाकट माणसाला तापानं आडवा करतो. ठिकठिकाणची माती आणायची, त्यातला जंतू वाढवायचा, त्याच्या जनुकांचे ठसे वाचून त्याचं कूळ ठरवायचं, आणि कोणतं कूळ कुठे नांदतं याचा नकाशा काढायचा, हे तिचं काम. नोकरी कंत्राटी. नकाशा साहेबांच्या मनासारखा झाला तर कायम, नाही तर नमस्कार.

"साहेब, दर खड्ड्यानंतर खुरपं स्पिरिटनं पुसावं लागेल," ती म्हणाली.

"स्पिरिटनं? अहो, मुलामा उतरेल!"

"मग मी एखादं साधं..."

"साधं? फोटोत साधं खुरपं दिसणार? नाही बाई. प्रत्येक ठिकाणी हेच खुरपं. परंपरा आहे ती."

परंपरा सुरू होऊन तेव्हा पाव तास झाला होता. जंतूबाईनं ओठ मिटून घेतले. कंत्राटी माणसाच्या ओठांना ते छान जमतं.

मग संस्थेची गाडी निघाली. चालवायला ड्रायव्हरमामा; खणायलाही तेच, फोटो काढायलाही तेच. डोंगर झाला, नदीकाठ झाला, समुद्राची वाळू झाली, मिठागरही झालं. खणून झालं की मामा मऊ फडक्यानं खुरपं असं हळुवार टिपत, जसं तान्ह्या बाळाचं तोंड.

"स्वच्छ झालं का हो मामा?"

"स्वच्छ कशाला? चमकलं की झालं."

पावसाळा सरला, ठसे वाचून झाले, आणि जंतूबाईनं निकालांची यादी पुन्हा वरपासून वाचली. सगळीकडे एकच कूळ! डोंगरावर तेच, वाळूत तेच, आणि जिथे गवताची काडीसुद्धा उगवायला लाजते त्या मिठागरातही तेच.

"अखंड साम्राज्य!" साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले. "जगात कुणाला नाही सापडलं असं! या कुळाला नाव काय देऊ या?" उत्तराची वाट न पाहता, अतिशय विनम्रपणे, त्यांनी स्वतःचं नाव दिलं आणि जगाच्या जंतुसंग्रहात ते नोंदवूनही टाकलं. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला, हातात खुरपं. परदेशातल्या परिषदेचं बोलावणं आलं. "तिथून आलो, की तुमच्या कायमच्या ऑर्डरवर सही," ते म्हणाले.

त्या रविवारी जंतूबाईच्या घरी सासूबाईंनी साखरेचा डबा उघडला आणि त्यांचा आवाज चढला.

"चहाचा ओला चमचा साखरेत कुणी घातला रे?"

"एकदाच घातला गं आई," नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला.

"एकदाच! तोच मिठात, तोच कॉफीत! आता मिठात साखर, कॉफीत साखर. उद्या म्हणशील, डब्याडब्यांत साखर उगवली म्हणून!"

जंतूबाईनं हातातला कप खाली ठेवला. डोळ्यांपुढे एक लांबलचक सोनेरी चमचा तरंगू लागला. गुलाबाच्या वाफ्यातून डोंगरावर, डोंगरावरून समुद्रात.

"आई," ती म्हणाली, "माझी नोकरी गेली."

"चमच्यापायी?"

"हो."

सगळं ऐकून झाल्यावर नवरा कुजबुजला, "गप्प बस ना. कुणाला कळतंय?"

"दवाखाने आमच्या नकाशावर विसंबणार रे. साध्या तापाच्या माणसाला जडजड औषधं देतील. आणि साहेब तर रोज त्या वाफ्यात अनवाणी उभे असतात."

"मग उभे राहू देत की," सासूबाई म्हणाल्या आणि साखरेचे खडे फोडू लागल्या.

जंतूबाईनं उकळलेले स्टीलचे चमचे पुडक्यांत बांधले आणि मामांना घेऊन पुन्हा सगळीकडे गेली. "या चमच्यांचाही फोटो काढायचा?" मामांनी हिरमुसून विचारलं. या वेळी डोंगर निर्दोष निघाला, वाळू निर्दोष, मिठागर तर धुतल्या तांदळासारखं. जंतू सापडला तो एकाच ठिकाणी.

साहेब त्या ठिकाणी पाण्याची नळी धरून उभे असताना तिनं ते सांगितलं.

साहेबांनी एक पाय उचलला. मग दुसराही उचलावासा वाटला, पण निसर्गानं तेवढी सोय ठेवलेली नव्हती.

"काल काटा टोचलाय मला," ते बारीक आवाजात म्हणाले.

"मग आजच डॉक्टरांकडे जा, साहेब. खरंच."

डॉक्टरांनी तपासलं. जंतूनं साहेबांना शिवलंसुद्धा नव्हतं. बहुधा आपल्याच नावाचा माणूस म्हणून सोडलं असावं. पुढच्या आठवड्यात साहेब ऑफिसात आले ते गुडघ्यापर्यंत गमबूट घालून.

"परिषद मी रद्द केली," ते म्हणाले. "आता ते नाव काढा."

"निघत नाही, साहेब. एकदा नोंदलं की कायम. आपल्या संस्थेत तेवढंच काय ते कायम आहे."

"म्हणजे माझ्या नावाचा जंतू अख्ख्या जगात फक्त माझ्याच बागेत?"

"सध्या तरी."

मग साहेबांनी ड्रॉवर उघडला, एक कागद काढला आणि त्यावर सही ठोकली.

"ही तुमची ऑर्डर. आजपासून तुम्ही कायम. शोधा! आणखी कुठे तरी असणारच तो. दुसऱ्या कुणाच्या बागेत. सापडेपर्यंत शोधा."

जंतूबाईचे डोळे भरून आले. ती दाराशी पोचली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"आणि बाई, हे घेऊन जा." साहेबांच्या हातात सोनेरी खुरपं होतं, पात्यावर वाफ्यातली ताजी, ओली माती. "परंपरा आहे. फक्त... धुऊ नका हं. मुलामा उतरतो."

बाहेर मामा फडकं काढून तयारच होते. "पुसू का?"

"नको मामा," जंतूबाई म्हणाली. "जंतू मारायच्या वाफेच्या भांड्यात घाला, चांगलं तासभर. आणि बाहेर निघेल तसं त्याचा एक छानसा फोटो काढून साहेबांना पाठवा."