यजमानपदाची शर्यत

सगुण पायातल्या वहाणा न काढताच थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला, तेव्हाच शिवदास गावसने सावध व्हायला हवं होतं. पण तो नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, सारण चाखत होता, आणि सारण फर्मास झालं होतं.

"शिवदास, माका वाचय रे," सगुण म्हणाला. "शनिवारी तुझो हॉल दी. आयतवारी सकाळी तुझो तुका मोकळो."

सगुण शिवदासचा शाळासोबती. मोठ्या लोकांच्या सभा-संमेलनांची व्यवस्था पाहायची, हा त्याचा धंदा. जगभर मानाची समजली जाणारी शिडाच्या बोटींची एक शर्यत होती. ती पुढच्या खेपेला कोणी भरवायची आणि तिचे नियम कोणते, हे ठरवायला त्या शर्यतीची कमिटी गोव्यात येणार होती. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात सगळी सोय सगुणनेच केली होती. पण त्या हॉटेलच्या सभागृहाचं छत आज सकाळी खाली आलं. दिवस लग्नसराईचे, दुसरीकडे जागा मिळेना. शिवदासचा लग्नाचा हॉल मात्र पेडण्याच्या रस्त्यालाच, मोपाच्या विमानतळापासून फार लांब नव्हता.

"आयतवारी आपल्या सुमनचो साखरपुडो आसा," शिवदासची बायको वत्सला खवणीवरून न उठता म्हणाली. "नार्व्याची माणसां येतली. हॉल सजवूचो आसा."

"वयनी, शनिवारी सांजेर ते गेले म्हणान समजा. शिकली-सवरलेली माणसां ती. बोटी खंयच्या गावात पळवायच्यो, तितकांच ठरवचां आसा. त्याका कितीसो वेळ लागतलो?"

वत्सलाने खवणीवर नारळ जरा जोरात फिरवला. पण मित्राला नाही म्हणणं शिवदासला आयुष्यात जमलं नव्हतं. "बघ हां," एवढंच तो म्हणाला, आणि सगुणने ते होकार म्हणून खिशात घातलं.

वत्सलाचा जीव उगाच खालीवर होत नव्हता. लेक सुमनचा नवरा मुलगा कृष्णनाथ नार्व्याचा, मुरगाव बंदरात कामाला होता. मुलगा सालस, मुलगी पसंत, सगळं जुळलं होतं. अडलं होतं एकाच गोष्टीवर, लग्न कुठे? मुलाची आई रुक्मिणी म्हणायची, लग्न नार्व्यालाच, सप्तकोटेश्वराच्या पायाशी. वत्सला म्हणायची, नवरीच्या बापाचा स्वतःचा हॉल असताना लग्न दुसरीकडे नेलं तर पेडण्यात तोंड कसं दाखवायचं? साखरपुड्याला बोलून ठरवू, असं म्हणून दोन्हीकडच्यांनी तो विषय तेवढ्यापुरता झाकून ठेवला होता.

शनिवारी कमिटी आली. गोरी, सावळी, तांबूस, नाना देशांची माणसं. शिवदासला त्यांची नावं काही उच्चारता येईनात, म्हणून त्याने त्यांच्यातल्या दोन पुढाऱ्यांना आपल्यापुरती नावं ठेवली. एक उंच, उन्हाने भाजलेला लालबुंद गृहस्थ, तो लाल्या. आणि एक बारीक अंगाची, करारी बाई, ती चष्मेवाली. गेली शर्यत लाल्याच्या देशाने जिंकली होती. जो जिंकेल त्यानेच पुढची शर्यत आपल्या दारात भरवायची, हा जुना नियम तो सोडायला तयार नव्हता. चष्मेवालीचं म्हणणं, जिंकणाऱ्याने शर्यत आपल्याच पाण्यात भरवायची, आपल्याला सोयीचे नियम करायचे आणि परत आपणच जिंकायचं, यात शर्यत ती कसली?

दोघांनाही बोलायची हौस दांडगी. हरकत घ्यायची झाली, तर समुद्रावर दाखवतात तसा लाल बावटा वर करून "प्रोटेस्ट!" असं ओरडायचं, हा त्या कमिटीचा रिवाज होता. दुपारच्या जेवणापर्यंत ते बावटे इतक्यांदा वर झाले, की चहा घेऊन आत जाताना शिवदास वाकूनच जाऊ लागला.

दिवेलागणीला सगुण घाम पुसत बाहेर आला.

"संपलां?" शिवदासने विचारलं.

"खंय संपता! उद्या सकाळी परत बसतले."

"उद्या? मेल्या, उद्या हंय माझी व्याही मंडळी बसतली!"

"त्यांचो नियम आसा रे. सभा एकदा सुरू जाली की मतदान होयसर जागा बदलूची नाय. पूर्वी खंय तरी एकान जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या खोलीत सभा घेवन ठराव पास करून टाकलो म्हणे. तेव्हापासून कोण कोणाक सोडना."

ही बातमी वत्सलाला सांगायचं काम शिवदासवर आलं. ती ऐकून वत्सला ओरडली असती, तर बरं झालं असतं. ती नुसतं "बरां" म्हणाली. त्या 'बरां'च्या धाकाने शिवदासने मांडववाल्याकडून एक भला मोठा पडदा आणवला आणि हॉलच्या मधोमध बांधून घेतला. अलीकडे साखरपुडा, पलीकडे जगाच्या बोटी.

रविवारी नार्व्याची मंडळी आली ती रुक्मिणीच्या मागोमाग. रुक्मिणी पुढे, कृष्णनाथ मध्ये आणि सगळ्यांच्या शेवटी तिचा नवरा गोकुळदास. हा गृहस्थ इतका अबोल, की बोलणी करायला आला होता तेव्हा "चहात साखर कमी" याखेरीज एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता. रुक्मिणीने पडद्याकडे पाहिलं, पडद्यामागचा गलका ऐकला.

"हें कितें? पलतडीं कोण भांडता?"

"भांडत नाय वो. बाहेरची पाहुणेमंडळी," शिवदास म्हणाला. "शर्यतीचां बोलतत."

"कसली शर्यत? बैलांची?"

"बोटींची."

"बोटींची शर्यत लग्नाच्या हॉलात?" असं म्हणून रुक्मिणी बसली. चेहऱ्यावर मात्र, इथे लग्न झालं तर काय काय पाहावं लागेल, याचा हिशेब स्पष्ट दिसत होता. वत्सलाने शिवदासकडे पाहिलं. शिवदासने तोरणाकडे पाहिलं.

भटजींनी विधी सुरू केले. सुमन हिरव्या साडीत पाटावर बसली. इकडे सगळं सुरळीत चाललंय म्हणताना भटजींनी मोठ्याने विचारलं, "ह्या सोयरिकेक दोनूय घरांची संमती आसा मू?"

"प्रोटेस्ट!" पडद्यामागून खणखणीत आवाज आला, आणि पडद्याच्या फटीतून एक लाल बावटा थेट भटजींच्या डोक्यावर आला.

भटजींच्या हातातल्या अक्षता खाली पडल्या.

"कोणाचो प्रोटेस्ट?" रुक्मिणी उठून उभी राहिली. "कोणाचो विरोध आसा ह्या सोयरिकेक? मुखार यो पळोवया!"

कोणीच पुढे येईना. तेव्हा तिने स्वतःच पडदा ओढला. पडद्याची दोरी गाठीपाशी निसटली, आणि अख्खा पडदा धपकन खाली आला. समोर बावटा उंचावलेला एक देखणा, तरणाबांड परदेशी गडी उभा होता. त्याने गोंधळून साखरपुड्याकडे पाहिलं आणि पाटावरच्या सुमनला ओळखून तोंडभर हसून हात हलवला.

"हो तुका वळखता?" रुक्मिणीचा आवाज एकदम खाली आला. हे ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"काल विमानतळार माझ्याच काउंटरार इल्लो," सुमन म्हणाली. "बॅग हरवल्ली त्याची." ती मोपाच्या विमानतळावर नोकरीला होती, आणि आदल्या दिवशीसुद्धा कामावर गेली होती.

"बॅग हरवल्ली म्हणान साखरपुड्याक विरोध?"

शिवदासला वाटलं, सोयरीक मोडली. वत्सला पदर तोंडाला लावून खुर्चीत बसली. तेवढ्यात कृष्णनाथ उठला. चारचौघांत आईसमोर तो प्रथमच बोलत असावा, कारण गोकुळदासनेसुद्धा मान वर केली.

"आई, तो विरोध लग्नाक न्हय. शर्यतीत कोण आडवो आयलो, नियम मोडलो, की लाल बावटो दाखवन प्रोटेस्ट म्हणपाचें. बंदरार आमी हे बोटवाले पळयल्यात. तांचें तांका, आमचें आमकां."

रुक्मिणी एकदा मुलाकडे, एकदा बावट्याकडे बघत राहिली. "अशें?" ती म्हणाली. "मागीर म्हजोय एक प्रोटेस्ट घे. लग्न नार्व्याक जावपाक जाय. हंगा आज ही तऱ्हा, लग्नादिसा कितें जातलें?"

"लग्न ह्याच हॉलात!" वत्सला खुर्चीतून ताडकन उठली. मघाची भीती कुठल्या कुठे गेली होती.

मग जे सुरू झालं ते आवरणं शिवदासच्या हातात राहिलं नाही. अलीकडे वत्सला आणि रुक्मिणी, पलीकडे चष्मेवाली आणि लाल्या. मध्ये पडलेला पडदा. दोन्हीकडे प्रश्न एकच, कार्य कोणाच्या दारात? भटजी मुहूर्त चालला म्हणून सांगत होते, त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. सगुण दोन्ही बाजूंना हात जोडत फिरत होता, त्याला दोन्ही बाजूंनी ढकलत होते.

तेव्हा सुमन पाटावरून उठली. साडीच्या निऱ्या एका हाताने सावरत ती स्टेजवर गेली. रोज तिला तासन्‌तास खोळंबलेल्या, चिडलेल्या माणसांना तोंड द्यावं लागायचं. तिने माईक उचलला आणि इंग्रजीतून, काउंटरवरच्या त्या गोड, थंडगार आवाजात सूचना दिली. मोपाहून सुटणाऱ्या विमानाच्या सर्व प्रवाशांनी कृपया त्वरित निघावं, ही शेवटची सूचना आहे.

कमिटीचं विमान दुपारचं होतं. पण 'शेवटची सूचना' हे शब्द कानावर पडताच, दोन दिवस कशालाच न हललेली ती अख्खी कमिटी ताडकन उठली. कोणी बॅग धरली, कोणी पासपोर्ट चाचपला. "मतदान!" अध्यक्ष किंचाळले. भराभरा हात वर झाले. मघाचा देखणा गडी तर बावट्यासकट हात वर करून उभा राहिला. दोन दिवस न सुटलेला प्रश्न भटजींनी खाली पडलेल्या अक्षता वेचेपर्यंत सुटला.

"ठरलां!" सगुण नाचायचाच बाकी होता. "शर्यत जिंकलेल्यान भरवायची, आणि नियम हरलेल्यान करूचे!"

"आधी त्यांका भायर काड," शिवदास म्हणाला.

बाहेर वेगळंच संकट. नार्व्याच्या मंडळींच्या गाड्यांनी कमिटीची बस पुरती कोंडली होती. ड्रायव्हर सगळे आत, साखरपुडा बघायला. शिवदासने एकेकाला बोलावून गाड्या मागे घ्यायला लावल्या. "आणखी मागे, आणखी, बस्स!" असं ओरडून त्याचा घसा बसला. तो बसच्या खिडकीखाली उभा असताना आतली दोन माणसं त्याला अगदी जवळून दिसली. जिंकलेला लाल्या दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता. एक फोन खांद्याने कानाशी दाबलेला, दुसरा मांडीवर वाजत होता. धक्का, बोटी, पाहुणे, राहायची सोय, कुठून करायचं हे सगळं, अशा अर्थाचं तो कोणाला तरी काकुळतीने सांगत असावा. त्याच्या मागच्या खुर्चीत हरलेली चष्मेवाली पाय पसरून बसली होती. सगुणने वाटेत दिलेली नेवरी ती डोळे मिटून खात होती. तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं, की शिवदास तिच्याकडे बघतच राहिला.

आणि तेवढ्यात हॉलमधून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला.

तो धावत आत गेला. अंगठ्या घालून झाल्या होत्या. मुहूर्त टळतोय म्हणून भटजींनी शेवटी कोणाची वाट पाहिली नव्हती. सुमन बोट पुढे करून सगळ्यांना अंगठी दाखवत होती. बापाला बघून तिचा चेहरा पडला.

"बाबा, खंय गेल्लात तुमी?"

"गाडये काडी होतंय गो," शिवदास म्हणाला. ह्या हॉलमधलं एकही लग्न त्याने धड पाहिलं नव्हतं. कधी जनरेटर बंद पडायचा, कधी टाकीतलं पाणी संपायचं. भावाच्या मुलीच्या अक्षता पडल्या तेव्हा तो छपरावर होता. आज पोटच्या मुलीची अंगठीही हुकली.

"तर मग," रुक्मिणी घसा साफ करून म्हणाली, "लग्नाचें कितें थारलें?"

वत्सला पदर खोचून सज्ज झाली. पण शिवदासने हात वर केला.

"लग्न नार्व्याक."

वत्सला वळून बघतच राहिली. "काय म्हणतात तुमी? आपलो हॉल आसताना?"

"आपलो हॉल आसा म्हणानच. हंय लग्न झालां, तर कन्यादानाच्या वेळेक माका कोण तरी हाक मारतलो, शिवदास, पंप सुरू कर. नार्व्याक माका कोण हाक मारूचो नाय. मी धुवेचां लग्न बसान बघतलंय. तूय बस. सगळां बघ."

कोठीची चावी, घरी उतरणारे पाहुणे, परत द्यायची भांडी, हे सगळं बहुधा वत्सलाच्या डोळ्यांपुढून सरकून गेलं असावं. खोचलेला पदर तिने सावकाश सोडला. "पेडण्यातली माणसां काय म्हणतली?" तिने विचारलं, पण आवाजात जोर नव्हता.

"म्हणतली, गावसाची बायल धुवेच्या लग्नाक देवळात बसली."

"बसान," वत्सला हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले आणि ती हसलीसुद्धा. "खरांच, बसान बघूक मिळतलां?"

रुक्मिणी जिंकली होती. भांडायची एवढी तयारी करून आल्यावर विजय असा आयताच पदरात पडला होता. "देवाचीच इच्छा," ती म्हणाली, आणि मग थोड्या वेळाने, जरा काळजीने, "पूण तितल्या मनशांक सांजेर चहा खंय दिवप?"

पंगत बसली. सुमनने बापाला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. पानात भात, वरण, भाज्यांचं खतखतं, वर दोन नेवऱ्या. शिवदासने पहिला घास घेतला आणि मागच्या दारातून हाक आली, "शिवदासदादा! नळाक पाणी येना!"

सवयीने शिवदास अर्धा उठला. पण समोरच्या पंगतीतून गोकुळदास आधीच उठला होता. त्याने पानावरून हात झटकला, आणि सगळ्या सोयरिकीत पहिल्यांदाच आपणहून बोलला.

"व्याही, तुमी बसा. तो पंप माका दाखयतलो कोण, तितलेंच सांगा. लग्न आमच्या दारांत, माका आता शिकूंकच जाय."

वत्सलाने त्याला मागच्या दारापर्यंत वाट दाखवली. शिवदास परत खाली बसला आणि वाढप्याला म्हणाला, "खतखतां घाल रे हंय. आणि जरा सावकाश घाल, माका घाई नाय."